टेक कंपनीत राजकीय भूमिका घेताना: संरक्षण कुठवर आणि नोकरी जाते कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या टेक कंपनीत काम करणारा इंजिनिअर विचारतो की २०१८ मध्ये हजारो कर्मचारी उघडपणे वॉकआउट करत होते आणि कंपन्या ऐकून घेत होत्या. आज कंपनीच्या चॅटवर राजकीय मजकूर टाकला की मॉडरेटर काढून टाकतात आणि ऑफिसात ठिय्या दिला की प्रवेशाचा बॅज बंद होतो. हे का बदललं? आणि कंपनीच्या एखाद्या करारावर सहकाऱ्यांसह आक्षेप घ्यायचा असेल, तर नोकरी शाबूत ठेवून काय करता येतं?

आधी एक गैरसमज दूर करतो. खाजगी कंपनीत राजकीय मत मांडण्याचा घटनात्मक हक्क २०१८ मध्येही नव्हता आणि आजही नाही. अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, मालकाचे नाही. तेव्हा कर्मचाऱ्यांकडे होतं ते बाजारातलं वजन. ते घटलं आणि हातात उरला १९३५ चा नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्ट. हा कायदा कामाच्या अटींसाठी एकत्र येण्याला संरक्षण देतो, राजकीय मताला देत नाही. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

बदल कसा झाला ते गुगलच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथे टीजीआयएफ नावाची साप्ताहिक सभा असायची आणि संस्थापक स्वतः प्रश्न घ्यायचे. मेलिंग लिस्टवर कोणीही कशावरही लिहायचं, आणि कंपनीतली बरीचशी डॉक्युमेंट्स कोणत्याही टीमला उघडता यायची. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या प्रवासबंदीविरुद्ध कर्मचारी कामावरून बाहेर पडले, तेव्हा सुंदर पिचाई आणि सर्गेई ब्रिन त्यांच्यासमोर बोलले. कंपनी आणि कर्मचारी एकाच बाजूला होते, म्हणून कुणालाच किंमत मोजावी लागली नाही. पण कर्मचाऱ्यांनी त्यातून असा अर्थ काढला की इथे राजकारण चालतं. पुढच्याच वर्षी रोख कंपनीच्या स्वतःच्या करारांकडे वळला. ड्रोनच्या चित्रणाचं विश्लेषण करणाऱ्या पेंटागॉनच्या प्रोजेक्ट मेव्हनविरुद्ध एप्रिल २०१८ मध्ये तीन हजारांहून जास्त सह्यांचं पत्र गेलं. जूनमध्ये कंपनीने कराराचं नूतनीकरण करणार नसल्याचं सांगितलं आणि एआयविषयीची तत्त्वं जाहीर केली. लैंगिक छळाचे आरोप झालेल्या अँड्रॉइडच्या माजी प्रमुख अँडी रुबिनना नऊ कोटी डॉलर देऊन निरोप दिल्याची बातमी ऑक्टोबरात आली. १ नोव्हेंबर २०१८ रोजी जगभरातले सुमारे २०,००० कर्मचारी आपापल्या स्थानिक वेळेनुसार सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी बाहेर पडले. आठवडाभरात छळाच्या तक्रारींपुरती सक्तीच्या लवादाची (म्हणजे कोर्टात न जाता खाजगी लवादापुढेच जाण्याची) अट गेली, आणि मार्च २०१९ पासून ती कर्मचाऱ्यांच्या सगळ्याच वादांतून काढली.

हे साधलं याची दोन कारणं. मागणी नेमकी होती: ‘ही अट काढा’ याला हो किंवा नाही असंच उत्तर देता येतं. आणि नाराज इंजिनिअर महिन्याभरात प्रतिस्पर्ध्याकडे रुजू होऊ शकत होता. व्याजदर कमी होते, कंपन्या भरती करत सुटल्या होत्या.

कंपन्यांनी नियम आवळायला सुरुवात मात्र नोकरकपातीच्या बरीच आधी झाली, हे लक्षात घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये गुगलने राजकीय वादांना आवर घालणारी नियमावली आणली, नोव्हेंबरात टीजीआयएफ महिन्यातून एकदा केली, आणि त्याच महिन्यात डेटा सुरक्षेचे नियम मोडल्याचं कारण देऊन चार कर्मचाऱ्यांना काढलं. सप्टेंबर २०२० मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी कामाशी संबंध नसलेलं राजकारण कंपनीत नको असं जाहीर केलं. ज्यांना पटत नव्हतं त्यांना चार ते सहा महिन्यांचा पगार देऊ केला, आणि सुमारे ६० जण, म्हणजे पाच टक्के, गेले. एप्रिल २०२१ मध्ये बेसकँप या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने असंच केलं तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश माणसं निघून गेली. मग फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला दर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० आणि गुगलने जानेवारी २०२३ मध्ये १२,००० पदं कमी केली. नियम कागदावर आधीपासून होते. आता ते मोडणाऱ्याला काढणं कंपनीला परवडू लागलं. एप्रिल २०२४ मध्ये इस्रायल सरकारशी असलेल्या प्रोजेक्ट निंबस या क्लाउड सेवांच्या कराराविरुद्ध गुगलच्या न्यूयॉर्क आणि सनीवेल इथल्या ऑफिसांत ठिय्या झाला. आधी २८ आणि नंतर मिळून सुमारे ५० जणांना काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये २०१८ च्या एआय तत्त्वांतलं, शस्त्रांसाठी एआय न वापरण्याचं वचनही गेलं. मालकांची राजकीय दिशा बदलली हेही खरं, पण माझ्या मते नोकऱ्यांचा बाजार हे त्याहून मोठं कारण आहे.

आता कायदा. १९३५ च्या त्या कायद्याचं कलम ७ म्हणतं की कर्मचाऱ्यांना ‘परस्परांच्या मदतीसाठी व संरक्षणासाठी’ एकत्रित कृती करता येते. त्यासाठी युनियन लागत नाही. १९६२ च्या वॉशिंग्टन ॲल्युमिनियम खटल्यात युनियन नसलेले सात कामगार हीटर बंद पडल्यामुळे थंडीत काम सोडून निघून गेले होते. त्यांना काढणं सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. १९७८ च्या ईस्टेक्स खटल्यात पत्रकात किमान वेतनासारखा राजकीय विषय होता, तरी कामगारांच्या हिताशी संबंध असल्यामुळे संरक्षण मिळालं. म्हणजे ‘राजकीय’ हा शिक्का लागला की सगळं बाद, असं नाही. विषयाचा धागा पगार, सुरक्षितता, कामाचे तास, छळ, भेदभाव, कपात यांतल्या कशाशी तरी थेट जुळायला हवा. तो ओढूनताणून जुळवला तर टिकत नाही.

म्हणून कृती करण्याआधी चार गोष्टी तपासा, आणि याच क्रमाने. मी कायद्याच्या नजरेत कर्मचारी आहे का? मी एकट्यापुरतं बोलतोय की इतरांबरोबर किंवा इतरांच्या वतीने? विषय कामाच्या अटींचा आहे का? पद्धत कशी आहे?

पहिल्याच पायरीवर बरेच जण अडखळतात. माणसं नेमणं, काढणं, बढती देणं, शिस्तीची कारवाई करणं हे अधिकार ज्याला स्वतःच्या निर्णयाने वापरता येतात, तो कायद्याने ‘सुपरवायझर’, आणि त्याला कलम ७ चं संरक्षण नाही. अशा मॅनेजरने पत्रावर पहिली सही करणं मोठ्या जोखमीचं असतं. टेक लीड, म्हणजे टीमचा तांत्रिक प्रमुख, सहसा त्यात बसत नाही, पण त्याचं पद नव्हे, प्रत्यक्ष अधिकार बघितले जातात. व्हेंडरमार्फत आलेली माणसं त्या व्हेंडरची कर्मचारी म्हणून संरक्षित असतात, पण व्हेंडरचा करारच संपला तर हातात फार काही राहत नाही. हा गट लहान नाही. मार्च २०१९ मध्ये गुगलकडे सुमारे १,०२,००० कायम कर्मचारी होते आणि हंगामी व कंत्राटी मिळून सुमारे १,२१,०००. तुमच्या मोहिमेत ही माणसं असतील, तर सर्वांत जास्त धोका त्यांना आहे हे गृहीत धरूनच आखणी करा. ही जबाबदारी कायम नोकरीवाल्यांची आहे.

तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिथे शब्दरचनेवर खूप अवलंबून असतं. समजा तुमच्या टीमला एका लष्करी कराराचं काम मिळालं. पत्रात ‘कंपनीने हा करार रद्द करावा, कारण तो अनैतिक आहे’ एवढंच लिहिलं, तर भूमिका प्रामाणिक आहे, पण कंपनीने कोणाला काय विकावं हा व्यवस्थापनाचा निर्णय मानला जातो. तिथे संरक्षण फार क्षीण असतं. त्याच पत्रात असं लिहून पाहा: ‘हे काम आमच्या टीमकडे आम्हाला न सांगता आलं. ज्यांना त्यावर काम करायचं नाही, त्यांना ६० दिवसांत दुसऱ्या टीममध्ये जाता यावं. नकार दिल्याचा परिणाम रिव्ह्यू, बोनस किंवा शेअर्सवर होऊ नये. कोणत्या प्रकल्पात आपला कोड वापरला जाणार, हे आधी सांगावं.’ यातली प्रत्येक मागणी कामाच्या अटींची आहे. कराराबद्दलचं नैतिक मत त्याच पत्रात असायला हरकत नाही, पण या मागण्या आधी आणि ठळक हव्यात. मतं आधी आणि मागण्या शेवटच्या ओळीत आल्या, की कंपनीचे वकील त्याला राजकीय निवेदन ठरवायला बसलेलेच असतात. मागण्या खोट्या मात्र नसाव्यात. टीममध्ये कुणालाच बदली नको असेल आणि ती केवळ कायद्यासाठी घातली असेल, तर पहिल्याच चौकशीत ते उघडं पडतं.

काय लिहिलं यामुळेही नोकरी जाऊ शकते. ऑगस्ट २०१७ मध्ये इंजिनिअर जेम्स डॅमोर यांना गुगलने, कंपनीच्या विविधता धोरणावर टीका करणाऱ्या त्यांच्या मेमोवरून काढलं, तेव्हा हा कायदा राबवणाऱ्या सरकारी लेबर बोर्डाच्या वकिलांनी असं मत दिलं की मेमोतला काही भाग संरक्षित असू शकतो, पण स्त्रियांबद्दलची विधानं भेदभावाची आणि कामात अडथळा आणणारी होती, आणि कंपनीने कारवाई त्यासाठीच केली. एका कागदात चांगली तक्रार आणि सहकाऱ्यांना कमी लेखणारी वाक्यं एकत्र असली, की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

बाहेर बोलण्याचंही तसंच. पत्रकारांशी किंवा सोशल मीडियावर कामाच्या अटींबद्दल बोलणं संरक्षित आहे. पण १९५३ च्या जेफरसन स्टँडर्ड खटल्यात टीव्ही केंद्राच्या तंत्रज्ञांनी पगाराच्या वादाचा उल्लेखही न करता कार्यक्रमांच्या दर्जावर टीका करणारी पत्रकं वाटली, आणि त्यांना काढणं योग्य ठरलं. ‘आमचं प्रॉडक्ट भंगार आहे’ असं नुसतं लिहू नका. कोणत्या वादामुळे लिहिताय ते त्याच पोस्टमध्ये असू द्या. कंपनीची गोपनीय कागदपत्रं जोडणं तर पूर्ण वेगळा गुन्हा धरला जातो.

पद्धतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण प्रत्यक्षात बहुतेक नोकऱ्या विषयामुळे जात नाहीत, पद्धतीमुळे जातात. कंपनीला विषयावरून काढायचं नसतं, ते कोर्टात महागात पडतं. तिला नियमभंग हवा असतो.

साधनं आधी. लेबर बोर्डाच्या २०१९ च्या सीझर्स निकालानंतर कंपनीच्या ईमेल आणि चॅटवर कामगारांच्या संघटनेचा मजकूर बंद करता येतो, फक्त नियम सर्वांना सारखा लावायला हवा. त्यामुळे संपर्कयादी, पत्राचा मसुदा, सह्या हे सगळं खाजगी फोनवर, खाजगी खात्यात ठेवा. ज्या फोनवर कंपनीचं डिव्हाइस मॅनेजमेंट प्रोफाइल (फोनवर कंपनीला नियंत्रण देणारी सेटिंग) आहे, तो यासाठी खाजगी नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर खाजगी खातं उघडणंही टाळा. सह्यांच्या शीटची लिंक ‘कोणालाही उघडता येईल’ अशी ठेवली तर संध्याकाळपर्यंत ती एचआरकडे असते. सही गोळा करणारा आणि शीट बघू शकणारा एक छोटा गट ठरवा.

ज्या डॉक्युमेंट्सशी तुमच्या कामाचा संबंध नाही, ती उघडू नका, जरी सिस्टिम उघडू देत असली तरी. प्रत्येक क्लिकचा लॉग राहतो. इतरांची कॅलेंडर चाळणं, दुसऱ्या टीमच्या फाइल्सवर अलर्ट लावणं, हे नंतर आरोपपत्रात तारीखवेळेसह येतं. तुमच्या कामामुळे मिळालेले विशेष तांत्रिक अधिकार तर कधीच वापरू नका. २०१९ मध्ये गुगलने नेमलेल्या, युनियनविरोधी सल्ल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या फर्मच्या वेबसाइटवर कर्मचारी गेले, की ब्राउझरमध्ये त्यांच्या हक्कांची आठवण देणारा एक पॉपअप दिसत असे. तो एका सिक्युरिटी इंजिनिअरने केला होता. मजकूर कायदेशीरदृष्ट्या निर्दोष होता. त्या इंजिनिअरला काढताना कंपनीने कारण दिलं ते सुरक्षा साधनाच्या गैरवापराचं. तोच मजकूर जेवणाच्या सुट्टीत कागदावर छापून वाटला असता तर हे कारण उरलंच नसतं. सुट्टीच्या वेळात, कामाच्या जागेबाहेरच्या मोकळ्या भागात पत्रकं वाटण्याचा हक्क जुना आणि भक्कम आहे.

वॉकआउट आणि ठिय्या यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. काम थांबवून इमारतीबाहेर जाणं हा संप, आणि मागणी कामाच्या अटींची असेल तर तो संरक्षित. त्या वेळेचा पगार कापला जाऊ शकतो, आणि आर्थिक मागण्यांच्या संपात तुमच्या जागी कायमचा माणूसही नेमता येतो, पण संपाबद्दल काढून टाकता येत नाही. ऑफिस अडवून आत बसणं मात्र १९३९ च्या फॅनस्टील निकालापासून संरक्षणाबाहेर आहे, मागणी कितीही रास्त असो. अधूनमधून वारंवार तास-दोन तास काम सोडणं किंवा मुद्दाम हळू काम करणंही असंरक्षित. आणि ज्या विषयावर मालकाचं काही चालत नाही, म्हणजे एखादा सरकारी निर्णय, त्यासाठी कामाच्या वेळात बाहेर पडलात तर नेहमीचे गैरहजेरीचे नियम लागू शकतात. बोर्डाच्या जनरल कौन्सेलने, म्हणजे मुख्य वकिलाने, २००८ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. त्यासाठी सरळ रजा टाकावी. वॉकआउटच्या दिवशी प्रत्येकाने मॅनेजरला एक ओळ पाठवावी: किती वाजता, किती वेळ, कोणत्या मागणीसाठी. ऑन-कॉलवर (तातडीच्या बिघाडासाठी ड्युटीवर) असलेल्याने पेजर दुसऱ्याकडे सोपवूनच जावं, नाहीतर त्या तासाभरात सेवा बंद पडणं हेच कारवाईचं कारण होईल.

ठिय्या देणाऱ्यांना हे सगळं माहीत नसतं असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रायलशी असलेल्या करारांविरुद्ध मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांच्या ऑफिसात काही जण शिरून बसले. त्यात सामील झालेल्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. सप्टेंबरात कंपनीने इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयातल्या एका विभागाच्या काही सेवा बंद केल्या. त्याआधी त्या सेवांच्या वापराबद्दल गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राची शोधबातमी आली होती. नोकरी पणाला लावून कोणी असा मार्ग निवडत असेल, तर त्या निर्णयाचा मी आदर करतो. पण तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असावा. आणि गर्दीत पाठीमागे उभ्या असलेल्या, काय पणाला लागलंय हे न कळलेल्या नव्या सहकाऱ्याला आधी सगळं सांगावं.

ऑफिसबाहेरच्या राजकारणाला काही राज्यांत वेगळं संरक्षण आहे. कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडची कलमं ११०१ आणि ११०२ मालकाला कर्मचाऱ्याच्या राजकीय कृतींवर नियंत्रण ठेवू देत नाहीत. न्यूयॉर्कचं कलम २०१-डी कामाच्या वेळेबाहेर, कंपनीच्या जागेबाहेर आणि कंपनीची साधनं न वापरता केलेल्या राजकीय कामाला जपतं. सिएटल शहरात राजकीय विचारसरणीवरून नोकरीत भेदभाव करता येत नाही, पण मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय असलेलं रेडमंड सिएटलच्या हद्दीत नाही. बऱ्याच राज्यांत असं काहीच नाही. तुम्ही ज्या राज्यात बसून काम करता तिथला कायदा बघा. मुख्यालय कुठे आहे यावर जाऊ नका.

एचआरने चौकशीला बोलावलं तर युनियन नसलेल्या ठिकाणी सहकाऱ्याला सोबत नेण्याचा हक्क नाही. २००४ च्या आयबीएम प्रकरणात बोर्डाने तसं ठरवलं. शांतपणे जा. खोटं एक अक्षर बोलू नका, कारण मूळ कृती संरक्षित असली तरी चौकशीत खोटं बोलणं हे काढण्याचं स्वतंत्र कारण होतं. प्रश्न लेखी मागता येतात. बाहेर आल्यावर लगेच, कंपनीच्या यंत्रावर नव्हे, तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा.

तुम्ही टीम चालवत असाल किंवा नियम लिहिण्यात तुमचा हात असेल, तर एवढंच सांगतो. ‘राजकारण बंद’ असा सरसकट नियम लिहिलात तर पगार, कपात, भेदभाव यांवरचं बोलणंही त्यात सापडतं आणि नियमच बेकायदा ठरण्याची शक्यता असते. कोणत्या चॅनलवर, कोणत्या प्रकारचा मजकूर, हे लिहा, आणि कामाच्या अटींवरची चर्चा यातून वगळली आहे हे शब्दांत सांगा. बेसकँपमध्ये नियमामागे ग्राहकांच्या नावांची टिंगल करणाऱ्या एका जुन्या यादीवरून पेटलेला अंतर्गत वाद होता. तो वाद मिटण्याआधी बंदी आली, म्हणून ती तक्रार करणाऱ्यांचं तोंड बंद करण्यासाठीच आहे असं लोकांना वाटलं. आधी तक्रार निकाली काढा, मग नियम आणा.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांचा हिशेब वेगळा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. कलम ७ नागरिकत्व विचारत नाही, संरक्षण तुम्हालाही आहे. पण नोकरी गेली की नवा मालक शोधायला किंवा स्टेटस बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि लेबर बोर्डाचा निकाल यायला वर्षं लागू शकतात. दावा पुढे जिंकाल, पण तोवर देश सोडावा लागलेला असेल. म्हणून सह्यांच्या मोहिमेत पुढे राहण्याचं काम ग्रीन कार्डवाल्यांनी आणि नागरिकांनी घ्यावं, आणि व्हिसावरच्या सहकाऱ्याने सही केली नाही तर त्याला कुणी भेकड म्हणू नये.

काढलंच, तर तक्रार घटनेपासून सहा महिन्यांच्या आत लेबर बोर्डाच्या प्रादेशिक कार्यालयात दाखल व्हायला हवी. फी नाही, वकील सक्तीचा नाही. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये पर्यावरण मोहिमेतल्या दोघींना काढलं होतं. बोर्डाने त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे असं म्हटल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये बुडालेला पगार देऊन तडजोड झाली. यात मिळतं ते एवढंच: थकलेला पगार आणि काही वेळा नोकरी परत. दंड किंवा मोठी भरपाई नाही. शिवाय २०२५ मध्ये बराच काळ बोर्डाकडे निर्णय द्यायला पुरेसे सदस्यच नव्हते, त्यामुळे वेळेचा अंदाज ढिलाच ठेवा. निरोपाच्या पैशांसोबत येणाऱ्या करारावर त्याच बैठकीत सही करू नका. त्यात बहुतेक दावे सोडून दिलेले असतात. वय ४० किंवा जास्त असेल आणि वयावरून होणाऱ्या भेदभावाचा दावा त्यात सोडायचा असेल, तर विचाराला किमान २१ दिवस, सामूहिक कपात असेल तर ४५, आणि सही केल्यावर मागे घ्यायला ७ दिवस द्यावेच लागतात. ४० च्या आतल्यांना फेडरल कायदा अशी मुदत देत नाही, पण एक आठवडा मागितला तर कंपन्या सहसा देतात. त्या आठवड्यात तो कागद कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.